नांग्या

१

चिखलबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कांदळवन माहिती केंद्रात शिकवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती. आठवड्याला चार शाळा यायच्या. बसमधून उतरलं की पोरं आधी नाक दाबायची. बाई म्हणायच्या, "दाबा, दाबा. पाच मिनिटांत हात दुखतील, मग आपोआप सोडाल." आणि तसंच व्हायचं. मग फळ्यांच्या वाटेवरून सगळी वरात निघायची. खाली चिखलात निवट्या बसलेल्या असायच्या, मासे असून पाण्याबाहेर उन्हं खाणाऱ्या. बाई तिवराचं एकेक पान सगळ्यांच्या हातात द्यायच्या आणि पाठीकडून चाटायला लावायच्या. हे झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानांतून बाहेर टाकतं, ही गोष्ट पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही. जिभेच्या मात्र राहते.

शेवटी यायचा सात नंबरचा तुकडा. तिथे प्रत्येक पोर कांदळाची एक लांब हिरवी शेंग चिखलात उभी रोवायचं. शेजारी काठी, काठीला पिवळी पट्टी, पट्टीवर नंबर आणि पोराचं नाव. पुढच्या वर्षी तीच पोरं पुन्हा आली की आपापली पट्टी शोधायला धावायची आणि "माझं जगलं, माझं जगलं" म्हणून फळ्यांवर नाचायची.

सगळ्यांचंच जगलेलं असायचं, आणि ते मुकादमांचं काम होतं.

मुकादम म्हणजे बाईंचे यजमान. केंद्राची रोपवाटिका त्यांच्या ताब्यात होती. नवराबायको केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. खाडीत शंभर शेंगा लावल्या तर तीस-चाळीस मरायच्याच. खेकडे खातात, शेवाळ गुंडाळतं, उधाण उपटून नेतं. त्या रिकाम्या जागी दुसरं रोप लावायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. नियम असा होता की नव्या रोपाला नवा नंबर द्यायचा आणि जुन्यापुढे 'मृत' असं लिहायचं. मुकादमांच्या हातून ते कधी लिहिलं गेलं नाही. पिशवीत वाढवलेलं, त्याच वयाचं, त्याच उंचीचं रोप ते शोधून आणायचे, मेलेल्याच्या जागी बसवायचे आणि त्याला जुनीच पट्टी बांधायचे.

"अहो, ही चक्क फसवणूक आहे," बाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या.

"मग काय सांगू? तुझं मेलं म्हणून? आठ वर्षांच्या पोराला?"

पुढे त्यांनाही ते गोड वाटायला लागलं. त्यातून मुकादमांची एक तऱ्हा होती. रोप लावून झालं की ते त्याच्याशेजारी उकिडवे बसायचे आणि त्याला सगळं समजावून सांगायचे. "हे बघ, तुझा नंबर एकशे बारा. ज्या पोरीनं तुला लावलं ती डावखुरी आहे, पुढचा दात पडलाय, प्रश्न फार विचारते. येईल ती वर्षानं. नीट उभं राहा." बाईंना हसू आलं की म्हणायचे, "त्याला सांगायला नको, आपण कुणाचे आहोत ते?"

त्या वर्षी एका मुलीनं मात्र आपल्या रोपासमोर उभं राहून मान हलवली. "बाई, हे माझं नाही."

"पट्टी बघ की. तुझंच नाव आहे."

"नाव माझंय. पण माझं झाड मला ओळखायचं. हे चांगलंय, पण ओळखत नाही."

बाईंनी हसून वेळ मारून नेली. मुलगीही काही हट्टाला पेटली नाही. जाताना तिनं त्या रोपावरून हात फिरवला, शेजाऱ्यांच्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा, आणि ती बसकडे गेली.

२

अमावास्येच्या, तशीच पौर्णिमेच्या आसपास ओहोटी फार मागे जाते. एरवी पाण्याखाली असणारी सात नंबरची पलीकडची कड तेवढे दोन-तीन दिवस उघडी पडते, आणि तिथल्या रोपांची उंची मोजायची तर तेव्हाच. त्या दिवशी सकाळी नऊला मुकादम मोजकाठी घेऊन निघाले. अंगात निळ्या चौकड्यांचा सदरा होता. आदल्याच आठवड्यात तो कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर खांद्याला फाटला होता, आणि घरात निळा दोरा नव्हता म्हणून बाईंनी तो हिरव्यानं शिवला होता.

"दोन तासांत येतो," ते म्हणाले.

अकरा वाजले. बारा वाजले. पाणी केव्हाच वळलं होतं. एक वाजता सात नंबरच्या तुकड्यात भरतीचं पाणी शिरलं, तेव्हा बाईंनी केंद्राच्या साहेबांना फोन केला. होडीवाला दोन फेऱ्या मारून हात हलवत परत आला. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं, कुणी पाणी दिलं, आणि त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "त्यांना इथली वाट पाठ आहे. त्यांना इथली वाट पाठ आहे."

चार वाजता भरती पूर्ण झाली. झाडांचे शेंडे तेवढे वर राहिले. आणि मग फळ्यांच्या वाटेच्या लांबच्या टोकाकडून मुकादम चालत आले. गळ्यापर्यंत चिखल, पाय अनवाणी, चेहरा अगदी शांत.

"अहो! कुठे होता तुम्ही?"

"वाट चुकलो बहुतेक," ते म्हणाले.

हे ऐकून होडीवाल्याला हसू फुटलं, मग सगळेच हसले, आणि बाई हसता हसता रडल्या. मुकादम आणि वाट चुकणार! साहेबांनी गाडीतून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि ऊन लागलंय म्हणून सांगितलं. चार दिवस विश्रांती, भरपूर पाणी.

संध्याकाळी बाईंनी दार लावून घेतलं. मुकादम खुर्चीत टेकले. खोलीत नेहमीचा पंखा नेहमीसारखा करकरत होता.

"बाई, पाणी देतेस?" ते म्हणाले.

बाईंनी पेला भरला आणि हातातच धरून ठेवला. चारचौघांत मुकादम त्यांना बाईच म्हणत, सगळं केंद्र म्हणायचं तसं. पण दार लागलं की त्या शहाण्या व्हायच्या. "अगं शहाणे, पाणी दे." "शहाणे, चष्मा कुठं टाकलास माझा?" तीस वर्षं हे नाव उंबऱ्याच्या आत राहिलं होतं. बाहेर कुणाच्या कानावर गेलं तर पोरं काय म्हणतील, या धाकानं बाईंनी ते कधी बाहेर पडू दिलं नव्हतं. आणि तीस वर्षांत घरात त्यांना बाई म्हणून कुणी हाक मारली नव्हती.

दमले असतील, असं बाई स्वतःला म्हणाल्या, आणि त्यांनी पाणी दिलं.

३

एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे बाई पोरांना दर आठवड्याला चार वेळा सांगत. आता तेच त्या स्वतःला सांगू लागल्या.

मुकादमांना साखरेचा डबा सापडेना. एकेक फडताळ उघडून बघत होते. ऊन लागलं की माणसाला विसरायला होतं. पलंगावर ते बाईंच्या नेहमीच्या जागेवर झोपले. होतं असं. न्हाणीघराचं दार आत ढकलायचं की बाहेर ओढायचं, तिथे क्षणभर अडले. आणि दुसरीकडे बाहेरचं सगळं त्यांना बिनचूक आठवत होतं. कुठल्या रांगेत शेवाळ चढलंय, मागच्या वर्षी कुठल्या शाळेची बस चिखलात रुतली होती, बाई फळ्यांवरून घसरल्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या, सगळं. उलट पूर्वीपेक्षा जास्तच.

चौथ्या दिवशी बाईंनी तो निळा सदरा धुवायला घेतला. चिखल निघता निघेना. खांद्यावरचे हिरवे टाके जागच्या जागी होते. साबण लावायला म्हणून त्यांनी सदरा उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. बाहेरून टाके होते. आतून गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक नव्हतं, काही नव्हतं. आतल्या अंगाला नुसतं साफ कापड होतं, टाके पलीकडे पोचलेच नसल्यासारखं. बाईंना त्यांच्या आईनं लहानपणीच दुहेरी गाठ मारायला शिकवलं होतं, आणि एकेरी गाठ त्यांच्या हातून चुकूनही पडत नसे.

सुटली असेल गाठ, त्या मोठ्यानं म्हणाल्या. गाठ सुटली तर टाका राहत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी सदरा पिळून दोरीवर टाकला.

आणि मग रविवारी लेकीचा फोन आला.

लेक इंजिनिअर होती. दोन वर्षांपूर्वी तिनं लांबच्या एका खाडीवर भराव घालून धक्का बांधणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. तिथलं कांदळवन तोडणार होते. ज्या दिवशी तिनं हे सांगितलं त्या दिवशी याच खोलीत, याच टेबलाशी मुकादम ताडकन उठले होते. "मला मुलगी नाही," असं ते म्हणाले होते. शब्द एवढेच, पण त्या दिवसापासून पोरीनं घरात पाऊल टाकलं नव्हतं. दर रविवारी ती आईला फोन करायची आणि फोन वाजला की मुकादम उठून बाहेर जायचे. दोघंही हट्टी, कुणी कुणाला हार जायचं नाही. बाई मध्ये उभ्या राहून दमल्या होत्या.

त्या रविवारी फोन वाजला आणि मुकादमांनीच उचलला.

"कशी आहेस गं पिल्लू? कधी येतेस?"

बाईंना दोन हातांवरून ऐकू आलं, पोरगी हुंदके देत होती. मुकादम गोंधळून बाईंकडे बघू लागले. "अगं, रडते का ही? काय झालं?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं. तिथे राग नव्हता, राग गिळल्याची खूणही नव्हती. मागे एकदा बाईंनी सात नंबरच्या तुकड्यात त्यांना रोपाशी बोलताना चोरून ऐकलं होतं. "आमची पण एक आहे बरं का. गुणी पोर. येईल कधीतरी." प्रेम ते बाहेर बोलायचे. राग तेवढा घरात ठेवलेला होता.

"येते, बाबा," पोरगी म्हणाली. "पुढच्या रविवारी येते."

४

तो आठवडा बाईंच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला, आणि हे सांगताना लाज वाटावी असं त्यात काही नाही. मुकादम कप विसळून ठेवू लागले. बाई दमून आल्या की त्यांच्या पायांशी बसून टाचा चेपू लागले. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत आणि मुकादम विचारत, "आपण पहिल्यांदा या घरात आलो तेव्हा काय काय आणलं होतं?" बाई सांगत. साखरेचा डबा कुठला, डावा गुडघा कशानं दुखतो, दाराची कडी कुणी बसवली, पोरगी पहिलं पाऊल कुठल्या भिंतीला धरून चालली. ते मन लावून ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते सगळं पाठ असायचं.

बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे ते भांडण. आणि दुसरी, ते नाव. हे नाव का राखून ठेवतोय हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

दुपारच्या भरतीला मुकादम गप्प व्हायचे. जेवून आडवे व्हायचे, आणि जसजसं पाणी चढेल तसतसा त्यांचा श्वास लांबत जायचा. बाई पलंगाच्या कडेला बसून ऐकत. एक श्वास. मग पंख्याची करकर. मग पुन्हा बऱ्याच वेळानं एक श्वास. एकदा त्यांनी मधले आकडे मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिली. ओहोटी लागली की ते डोळे उघडून हसायचे आणि चहा मागायचे.

गुरुवारी शाळा आली. विश्रांती संपली म्हणून मुकादमही फळ्यांवर मदतीला उभे होते. बाई नेहमीप्रमाणे तिवराचं पान हातात घेऊन बोलत होत्या. "आता पाठीकडून बघा. पांढरे बारीक दाणे दिसतात? ते मीठ. कुठून आलं?" पोरं ओरडून उत्तरं देत होती. मुकादम वाकून एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होते, आणि त्यांची मान बाईंच्या अगदी समोर उन्हात होती.

मानेवर पांढरे दाणे होते.

घामाचं मीठ बाईंना माहीत होतं. तीस वर्षं त्यांनी या माणसाचे कपडे धुतले होते. घाम वाळला की त्याचा डाग पडतो, कडेला नक्षी उमटते. हे दाणे होते, सुटे, चौकोनी, उन्हात चमकणारे. बाईंनी पोरांसमोरच पुढे होऊन बोटानं ते पुसले, आणि काय करतोय हे कळायच्या आत बोट जिभेला लावलं. ती चव त्यांना घरातली नव्हे, शाळेतली म्हणून ओळखीची होती.

"काय गं?" मुकादम मागे वळून हसले.

"काही नाही. कचरा होता."

त्यांनी पुढचं सगळं नीट शिकवलं. मुळं चिखलातून वर येऊन श्वास कशी घेतात, तेही शिकवलं. मग माहिती केंद्राच्या मागच्या खोलीत, फाटक्या तक्त्यांच्या ढिगावर जाऊन बसल्या. त्यांना भीती वाटत होती, पण मुकादमांची नव्हे. हा माणूस त्यांना आवडत होता, आणि तो आवडतोय याचीच भीती वाटत होती. कारण हा जर घरात असेल, तर तो कुठे आहे? रविवारी पोरगी येणार. बाबांच्या गळ्यात पडणार. तिला कुणाच्या गळ्यात पडू द्यायचं, हे त्याआधी आपल्याला ठाऊक असायला हवं. एवढं एक बाईंनी ठरवलं आणि डोळे पुसून त्या बाहेर आल्या.

५

त्या अमावास्येनंतर पंधरा दिवसांनी पौर्णिमेची ओहोटी आली ती नेमकी रविवारी. शाळा नव्हती. पोरीची गाडी बारापर्यंत पोचणार होती. मुकादम रोपवाटिकेत पिशव्या भरत बसले होते. बाईंनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि नऊ वाजता फळ्यांच्या वाटेनं शेवटपर्यंत गेल्या. मग चिखलात उतरल्या.

ओहोटीला चिखल वाजतो. बुडबुडे फुटतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी टिचटिच करतात, शिंपले मिटतात. बावीस वर्षं तो आवाज बाईंच्या कानात इतका मुरला होता, की तो थांबला तेव्हाच त्यांना कळलं की आतापर्यंत तो येत होता. त्या पलीकडच्या कडेला पोचल्या होत्या. इथे एकही बीळ नव्हतं. चिखल हातानं सारवल्यासारखा गुळगुळीत होता आणि अगदी शांत होता.

मोजकाठी तिथे उभी होती.

काठीच्या पायाशी बोटभर उंचीची श्वसनमुळं वर आली होती, दाट, अंथरुणाएवढ्या जागेत. जवळपास तेवढं मोठं तिवराचं झाड नव्हतं. मुळांच्या मधोमध एक निवटी बसली होती आणि बाई जवळ गेल्या तरी हलली नाही. ती ज्यावर बसली होती ते कापड होतं. तळहाताएवढाच तुकडा चिखलाबाहेर होता. निळ्या चौकड्या. हिरवे टाके.

असे सदरे बाजारात पुष्कळ मिळतात, बाईंच्या मनानं लगेच सांगितलं. निळ्यावर हिरवा दोरा आणखीही कुणी वापरला असेल. त्यांचं डोकं अजून नीट चालत होतं. डोक्यानं असंही सांगितलं की खात्री करायला फार काही लागत नाही, कड उलटून बघितली की झालं.

त्या गुडघ्यांवर बसल्या. निवटी टुणकन बाजूला झाली. बाईंनी एका बोटानं कापडाची कड हळूच वर केली. आत गाठ होती. दुहेरी, घट्ट, त्यांच्या आईनं शिकवली तशी.

कापडाखाली काहीतरी होतं, टणक आणि गार. बाईंनी ते बघितलं नाही. त्यांनी कड परत खाली घातली, वरून ओला चिखल ओढून घेतला आणि तळहातानं सारखा केला. किती वेळ सारखा करत होत्या, त्यांना कळलं नाही. मग त्या बोलू लागल्या. "अहो, पोरगी येतेय आज. मनात काही ठेवू नका. तिनं तुमची फार वाट बघितली. तुम्ही पण बघितलीत, मला माहीत आहे. एवढं एकदा फोनवर बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" उत्तर कुठून येणार होतं. बाईंनी कान देऊन ऐकलं तरीही. एक शब्द, तेवढा एकच शब्द ऐकू येईल म्हणून त्या वाकल्या, चिखलाला कान लागेपर्यंत वाकल्या. आत फक्त खोल कुठेतरी पाणी वळत असल्याचा आवाज होता.

"बाई."

हाक मागून आली होती. मुकादम फळ्यांच्या वाटेवर उभे होते. हाताला रोपवाटिकेची माती लागलेली. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. खाली उतरले नव्हते. वाटेच्या शेवटच्या फळीवर पाय जुळवून, लहान मूल उंबऱ्यावर थांबतं तसे थांबले होते.

"पाणी भरतंय, बाई. ये वर."

त्यांनी हात पुढे केला. बाईंनी एकदा मागे बघितलं. पाणी मोजकाठीपर्यंत आलं होतं. मग त्यांनी तो हात धरला, आणि तो त्यांनी अपेक्षा केली होती त्याहून कितीतरी उबदार होता.

६

घरी आल्यावर मुकादमांनी बाईंचे बूट ओढून काढले, पाणी तापवून पाय धुतले, टॉवेलनं बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. बाई बघत होत्या. पंखा करकरत होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती.

"तिथं काय होतं?" मुकादमांनी खाली मान घालून विचारलं.

"काही नाही. काठी राहिली होती तुमची."

ते टॉवेलची घडी घालू लागले. घडी नीट जमेना. मोडून पुन्हा घातली, तरी जमेना.

"मला त्या दिवसाचं काही आठवत नाही गं," ते म्हणाले. "चिखल आठवतो. वर पाणी आठवतं. आणि तू कठड्यापाशी उभी होतीस, सारखं म्हणत होतीस, त्यांना वाट पाठ आहे, त्यांना वाट पाठ आहे. मला वाटलं, कुणालातरी यायला हवं. इतकी बोलावतेय, तर कुणीतरी जायला हवं. मग मी आलो." त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते. "तू रोज मला सांगतेस, तुमचं हे असं होतं, तुमचं ते तसं होतं. मी ऐकतो. पण मला त्यातलं आठवत काहीच नाही. नुसतं पाठ होतं. आता पोरगी येईल, बाबा म्हणेल. तिला मी काय तोंड दाखवू? तू खरं काय ते सांग. मी तोच आहे ना?"

बाईंना वाटलं होतं, आपल्याला फसवलं जातंय. फसवणारा इतका घाबरलेला असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

नाही म्हणणं फार सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर हा उठला असता. त्यानं वाद घातला नसता, टॉवेल दोरीवर टाकला असता आणि फळ्यांच्या वाटेनं मुकाट चालत गेला असता, ही बाईंना खात्री होती. मग साहेब आले असते, होडीवाला आला असता, कुदळी घेऊन माणसं सात नंबरच्या कडेला उतरली असती. मुकादमांना रीतसर निरोप मिळाला असता. आणि पोरगी दारात उभी राहिली असती ती कायमची अशा बापाची होऊन, ज्याचं तिच्याशी शेवटचं वाक्य होतं, मला मुलगी नाही.

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेच. वेड्यासारखं काहीतरी काय विचारता?"

मुकादमांनी धरलेला श्वास सोडला. खूप वेळ धरलेला असावा, कारण तो सुटायलाच खूप वेळ लागला. आणि तो सुटताना बाईंच्या आत इतके दिवस धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. त्यांना रडू कोसळलं. तोंडावर हात दाबूनही थांबेना. मुकादम घाबरून पुढे झाले, शेजारी बसले, त्यांनी बाईंना जवळ घेतलं. त्यांच्या सदऱ्याला मातीचा वास होता. खांदा तोच होता, हाडाचा खड्डाही तिथेच होता.

"अगं, काय झालं? रडतेस कशाला अशी?" ते त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "आलो ना मी परत."

पोरीची गाडी यायला दहा मिनिटं होती. ती आल्यावर हसायला लागणार होतं, चहा ठेवायला लागणार होता, आणि पुढे जन्मभर या घरात रडायला काही कारण असणार नव्हतं. बाईंनी त्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि तेवढ्या दहा मिनिटांत आपल्या नवऱ्यासाठी जितकं रडता येईल तितकं रडून घेतलं.